ओठ न हलवता

मी धावत होते, तो वळत होता... आणि बाबांच्या डब्यातलं बीटचं सूप सगळं त्याच्या बुटांवर. डेट्रॉइटच्या मोटार कारखान्याच्या फाटकात, दुपारच्या भोंग्याला, ही आमची पहिली भेट.

"डोळे आत विसरलास का?" मी विचारलं.

"हो. आता सापडले," तो म्हणाला — ओठ न हलवता.

हा लुड्विक, माझ्याहून वर्षभराने मोठा. बाबांच्या शेजारी उभा राहून सरकत येणाऱ्या गाड्यांच्या चाकांचे नट आवळायचा. कामावर बोलायला बंदी, म्हणून सगळे असंच बोलायला शिकलेले. चेहरा दगडाचा, आवाज गालातल्या गालात. शाळेच्या मधल्या सुट्टीत मी रोज डबा न्यायचे आणि तो त्याच दगडी चेहऱ्याने म्हणायचा, "आज रिबीन निळी... बरी दिसते." मी शाळेपर्यंत हसत जायचे.

काल बाबा दुपारीच घरी आले. टोपी टेबलावर आपटली.

"लुड्विक काहीतरी विचारत होता. मुकादमाने आवाज ऐकला. ओठ कुणाचेच हलत नव्हते, त्याने बोट माझ्याकडे केलं. काढलं मला."

"आणि लुड्विक?"

"गप्प."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आज डबा नव्हता, तरी फाटकात गेले.

"ओठ शिवून घेतलेस का रे?"

आजूबाजूचे कामगार पाव चावायचे थांबले.

"हळू बोल, हालिना... मुकादम मागेच आहे."

"असू दे. रिबिनींचं कौतुक करायला बरी जीभ होती. नटांबरोबर तीही आवळलीस?"

"माझी नोकरी गेली असती."

"मग बाबांची काय पत्त्यांत हरली?"

त्याचे कान लाल झाले. चेहरा तसाच. मी पाठ फिरवली.

"मुकादमसाहेब." आवाज एवढा मोठा, की मी ओळखलाच नाही. "काल मी बोललो होतो. हालिनाचे बाबा नाही."

मी वळले. त्याचं तोंड चक्क उघडं होतं... पुढचा एक दात जरा वाकडा आहे, हे मला तेव्हा कळलं.

"एवढं काय अडलं होतं?" मुकादम गुरकावला.

"विचारत होतो — रविवारी चर्चच्या जत्रेला हालिनाला नेऊ का."

सगळे हसले. मुकादम नाही. "तिच्या बापाला उद्या कामावर पाठव. तू टोपी उचल आणि चालू लाग."

तो टोपी घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. माझा राग गेला नव्हता, उलट वाढला होता. हेच काल बोलला असता तर?

"बाबा काय म्हणाले?" मी दरडावलं.

"म्हणायच्या आत मुकादम आला."

मी नाक वर केलं, चेहरा दगडाचा केला आणि ओठ न हलवता म्हणाले, "त्यांना मी विचारते. तू रविवारी बूट पुसून ये."