खडूच्या चार रेघा

सिग्नल हिरवा झाला आणि गाडी बंद पडली. नेहमीचंच! रस्त्यावर पळायला लागली की कशी झकास पळायची, पण वेग कमी झाला, पाय एक्सिलेटरवरून उचलला, की दोन आचके देऊन गप्प. मामाने नजर अधू झाल्यावर हौसेने भाचीच्या हातात किल्ली दिली होती, आणि भाची आता भर चौकात रडायच्या बेतात होती. वर भुरभुर पाऊस, मागे हॉर्नचा नुसता कालवा.

खिडकीवर टकटक झाली. केस भिजलेले, बोटं ग्रीसने काळी, आणि चेहऱ्यावर हसू.

"न्यूट्रलला घ्या. आता किल्ली फिरवा... एक्सिलेटर जरासा दाबा. जरासा! पेडलवर राग काढू नका."

गाडी सुरू झाली.

"पुढच्या सिग्नलला पुन्हा बंद पडेल," तो म्हणाला.

"शाप देताय की काय?"

"ऐकू येतंय ना. डावीकडच्या गल्लीत आमचं गॅरेज आहे. येताय, की अजून हॉर्न ऐकायचेत?"

ती गेली. गॅरेजात त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि ते का, हे तिला पाचच मिनिटांत कळलं. लांब पेचकसाचं टोक त्याने इंजिनला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून घेतले. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर तिच्यासमोर माणसं डोळे ताणताणून अक्षरं वाचायची. डोळे मिटून दुखणं शोधणारा माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला, आणि जरा जास्तच वेळ पाहिला.

"कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकलाय," तो म्हणाला. त्याने तो काढून साफ केला, पुन्हा बसवला, मग एका छोट्याशा स्क्रूवर बोट ठेवलं. "आणि हे बघा. गाडी उभी असताना इंजिन किती हळू फिरायचं, ते हा ठरवतो. फार हळू केलं की बंद. पाव फेरा आत घेतो... ऐका आता."

त्याने पेचकसाची मूठ तिच्या कानाला लावली.

"नुसती धडधड ऐकू येतेय," ती म्हणाली.

"ती इंजिनची नाही."

लबाड कुठला! ती घरी पोचेपर्यंत एकटीच हसत होती.

पण झालं काय, की गाडी खरोखरच बरी झाली. चार दिवस झाले, दहा दिवस झाले, सिग्नलला उभी राहून शहाण्यासारखी गुणगुणत राहायची. आता गॅरेजात जायचं कुठल्या तोंडाने? सहज म्हणून कुणी गॅरेजात जातं का? तो काय म्हणेल, बाकीचे काय म्हणतील... विचार करून करून डोकं उठलं. शेवटी एका शुक्रवारी संध्याकाळी दुकानातल्या चष्मे दुरुस्त करायच्या पेचकसांपैकी सगळ्यात मोठा तिने पर्समध्ये टाकला. अंगणात बॉनेट उघडलं. तो छोटासा स्क्रू. अर्धा फेरा बाहेर.

शनिवारी गाडी आज्ञाधारकपणे बंद पडली.

"पुन्हा?" कानसेन चक्रावला. "स्क्रू फिरलाय. स्प्रिंग सैल झाली असणार." त्याने नवी स्प्रिंग घातली, तिच्यासाठी चहा मागवला, आणि ती निघताना भिंतीवरच्या फळ्याशी गेला. गॅरेजचे मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांच्या टेबलामागे तो फळा होता. दोन मेकॅनिक, दोन नावं. आपल्या नावाखाली त्याने खडूने एक रेघ ओढली.

तिच्या काळजात लक्कन हललं. अगं बाई, हा आपल्या भेटी मोजतोय! तेही चारचौघांत, मालकाच्या डोक्यावर! दुसऱ्या मेकॅनिकच्या, त्या जाड्याच्या नावाखाली एकही रेघ नव्हती. बिचाऱ्याला कुणीच नाही वाटतं, असं वाटून तिला त्याची दयासुद्धा आली. आता काय म्हणावं या बाईला!

दुसरी रेघ ओढली गेली त्या शनिवारी बोलणं जरा पुढे सरकलं. पाऊस थांबेपर्यंत दोघं पत्र्याखाली उभी होती.

"महिनाअखेरीला उस्ताद काम सोडतायत," तो म्हणाला. "किल्ल्या आम्हा दोघांपैकी एकाला देणार. बारा वर्षं वाट बघितलीय मी या दिवसाची. तेवढं होऊ दे, मग... मला तुम्हाला एक विचारायचंय."

"मग आत्ताच विचारा की."

"आत्ता नको. हातात काहीतरी असू दे आधी."

काय विचारायचंय हे तिला न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

"त्या गाडीला नेमका शनिवारीच ताप कसा येतो गं?" आईने विचारलं.

"जुनी आहे ना ती," ती म्हणाली.

तिसऱ्या रेघेच्या दिवशी त्याने चहा मागवला नाही. पॅकिंग बदललं, रबरी नळ्या बदलल्या, चार-चार वेळा पेचकस कानाला लावला. मग हात पुसत तिच्यासमोर उभा राहिला. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"एक विचारू? घरी कुणी इंजिनला हात लावतं का?"

तोच क्षण होता. हो म्हणाली असती, दोघं पोट धरून हसली असती, कदाचित सगळंच तिथे जुळलं असतं. पण लाज आड आली.

"छे! मला मेलीला बॉनेट तरी उघडता येतं का?"

त्याने मान हलवली. "मग माझ्याच ऐकण्यात काहीतरी चुकतंय."

आता हे बंद, असं तिने ठरवलं. आणि पुढच्या शुक्रवारी, फक्त शेवटचं एकदा म्हणून, पुन्हा पेचकस काढला. चौथी रेघ तिनेच ओढवून घेतली.

महिनाअखेरीला ती नवी साडी नेसून गॅरेजात गेली. उस्तादांच्या खुर्चीत जाड्या बसला होता. उस्ताद दाराशी आपली पिशवी भरत होते. कानसेन कोपऱ्यात हत्यारं फडक्यात गुंडाळत होता.

"हे काय?" तिने उस्तादांना विचारलं. "किल्ल्या यांना मिळणार होत्या ना?"

"माझंही मन त्याच्याकडेच होतं, पोरी." म्हाताऱ्याने फळ्याकडे बोट केलं. "पण माझा नियम आहे. दुरुस्त केलेली गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, की ज्याने केली त्याने स्वतः रेघ ओढायची. बारा वर्षांत त्याच्या नावाखाली एक रेघ नव्हती. आणि या एका महिन्यात चार."

चार! त्या रेघांवर तिने किती स्वप्नं टांगली होती...

ती कोपऱ्यात गेली. पर्समधून तो छोटा पेचकस काढून त्याच्यासमोर धरला. बोलायची गरजच पडली नाही. त्याने पेचकस पाहिला, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"मी कान तपासून आलो," तो म्हणाला. "माहितीय? डॉक्टरकडे जाऊन, कानाला यंत्र लावून. डॉक्टर म्हणाले, कान ठणठणीत आहेत. मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय."

"मी आत्ता सांगते उस्तादांना! सगळं माझ्यामुळे..."

"काय सांगाल? एक बाई चार वेळा स्क्रू फिरवत होती आणि याला पत्ता लागला नाही? त्यापेक्षा रेघा बऱ्या." त्याने फडक्याला गाठ मारली. "खरं म्हणजे पत्ता लागला होता. दुसऱ्याच वेळी वाटलं होतं, स्क्रू आपोआप इतका फिरत नाही. म्हणून तर विचारलं तुम्हाला. तुम्ही नाही म्हणालात... मी माझ्या कानापेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवला."

"मला फक्त यायचं होतं हो," ती म्हणाली.

"मग यायचंत ना. नुसतं यायचंत." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी दर शनिवारी केस विंचरून बसायचो."

दूरच्या एका बस डेपोत त्याने नोकरी धरली. जायच्या आधीच्या शनिवारी तो गॅरेजात होता, जाड्याला कामं समजावून देत. ती गेली. स्क्रू जिथल्या तिथे होता, त्याने बसवलेला.

"काय तक्रार आहे?" त्याने गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं.

"काही नाही. सहज आले."

क्षणभर तिला वाटलं, तो हसेल. त्याने पेचकस उचलला, टोक इंजिनला, मूठ कानाला. डोळे मिटले. बराच वेळ ऐकत राहिला, एका गाडीला लागतो त्याहून कितीतरी जास्त वेळ.

"छान चाललीय," तो म्हणाला आणि बॉनेट हलकेच लावलं. "आता यायची गरज नाही."

चौकात लाल दिवा लागला. ती थांबली. इंजिन संथ, एका लयीत गुणगुणत होतं, त्याने लावून दिलं होतं तसंच. दिवा हिरवा झाला. मागचा हॉर्न वाजवायला लागला, मग त्याच्या मागचा, मग सगळेच.

गाडी सुरूच होती. तिचाच पाय ब्रेकवरून उचलत नव्हता.