समजलं नाही, असं म्हणायची हिंमत

परदेशातला ग्राहक पडद्यावर काहीतरी बोलला आणि खोलीत हशा पिकला. तीही हसली… जरा उशिरा, समोर बसलेल्या टेस्टिंगवाल्याकडे बघून.

नंतर चहाच्या मशीनपाशी त्याने हळूच विचारलं, "काय म्हणाला हो तो?"

"मला काय विचारता? तुम्ही हसलात म्हणून मी हसले."

"झालं! मी तुमच्याकडे बघून हसलो."

ती बिजागऱ्यांची ड्रॉइंग काढायची. तो त्या बिजागऱ्या लावलेली दारं दिवसभर उघडून-मिटून बघायचा. दोघांचंही इंग्रजी पुस्तकातलं. एकेक शब्द ओळखीचा. पण ही परदेशी माणसं साधेच दोन शब्द जोडून बोलली, की अर्थ कुठल्या कुठे जायचा. मग तिचा डबा रोज टेस्टिंगच्या खोलीत उघडू लागला, आणि डब्यासोबत 'चिल आउट', 'चिकन आउट'…

"यात कोंबडी कुठून आली?"

"ऐन वेळी कच खाणं, असा अर्थ आहे."

"मग कोंबडी कशाला?"

"आपण तरी कच म्हणजे नेमकं काय खातो, सांगा."

ती हसली. या वेळी कुणाकडेही न बघता.

पुढच्या कॉलवर ग्राहक म्हणाला, तुमची बिजागरी 'पॅक्ड अप'. माल बांधून तयार, असं समजून साहेब "गुड, गुड" म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तिला मात्र ग्राहकाचा चेहरा खूश दिसेना. विचारावं, तर सगळ्यांसमोर अडाणी ठरणार. तरी तिने माइक चालू केला.

"सॉरी, मला समजलं नाही. सोप्या शब्दांत सांगाल?"

'पॅक्ड अप' म्हणजे बिजागरी मोडली होती. आणि ग्राहकाला पाठवलेला तो नमुना टेस्टिंगवाल्यानेच पास केला होता. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे फैलावर घेतलं.

दुपारी ती डबा घेऊन त्याच्या दाराशी घुटमळली.

"या ना आत," तो म्हणाला.

"माझ्यामुळे तुम्हाला बोलणी बसली."

"माझ्या चुकीमुळे बसली. तुम्ही विचारलं नसतंत, तर सगळा माल तसाच गेला असता." त्याने समोरचं चाचणीचं दार पुन्हा एकदा उघडून मिटलं. "मला नसतं जमलं विचारायला."

"मलाही वाटलं नव्हतं जमेल." तिने डबा टेबलावर ठेवला. "आता जमलंच आहे, तर… आणखी एक विचारू?"

"विचारा."

"मी आवडते तुम्हाला?"

दारावरचा त्याचा हात तिथेच थांबला.

"आवडता," तो म्हणाला. आणि मग, अगदी हलकेच… "आवडतेस."