बावीस नळ्या

बावीसच्या बावीस नळ्यांत एकाच माणसाची थुंकी होती.

प्रयोगशाळेतल्या वत्सलाने यंत्र दोनदा तपासले. थुंकीतली प्रथिने माणसागणिक थोडी तरी बदलतात. इथे सगळी तंतोतंत सारखी, आणि प्रत्येक रिपोर्टवर एकच शेरा: तोंडाच्या कॅन्सरची दाट शंका. तेवढ्यावरून लिंबायतच्या कापड कारखान्याच्या शेठने बावीसही मागवाल्यांना उद्यापासून घरी बसायला सांगितले होते. रोगट माणसे नकोत म्हणे! वत्सलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती तडक कारखान्यात, मागावरच्या शालिग्रामकडे गेली.

"शालिग्रामभाऊ, थुंकी कधी दिली?"

"थुंकी? अंगठा दिला ना बाई. मुकादम म्हने, माग थांबवू नका, कागद इथंच आनतो."

बोलताना त्याचे, बाकीच्या मागवाल्यांसारखेच, मिश्रीने काळे झालेले दात दिसले. नळ्यांतली थुंकी मात्र नितळ होती.

नळ्यांना हात लागला होता दोघांचाच. एक सागर, नमुने नेणारा. त्याच्या गालात मावा, ओठ लालभडक.

"डबा मला पॅकच मिळाला, मॅडम."

दुसरा मुकादम भगवान. त्याने चहा मागवला, पार निवू दिला, मग मान एका बाजूला कलती करून बशीतून घोट घेतला. बिस्कीट भिजून लगदा झाले तेव्हा कुठे तोंडात घातले.

"तंबाखू नाही घेत?"

"सोडली दोन महिन्यांपासून. झोंबते."

"हे बावीस जण जाणार. वाईट नाही वाटत?"

"वाटायचं काय त्यात? माझ्या मेहुण्याच्या गावचे बावीस रांगेत उभे आहेत." तो हसला, पण तोंड पुरते उघडले नाही.

वत्सलाने सगळ्यांना शेठच्या केबिनमध्ये बोलावले.

"मागवाल्यांची थुंकी मिश्रीने काळपट आली असती. सागरची लाल. नितळ थुंकी इथे एकाचीच, ज्याने तंबाखू सोडली. भगवानभाऊ, सगळ्या नळ्या तुम्हीच भरल्यात."

"भरल्या!" भगवान उसळला. "बावीस माग अर्धा तास बंद पडले असते. शेठ, तुमच्यासाठीच केलं ना! थुंकी ती, कोणाची का असेना."

"म्हणजे हे बावीसही रिपोर्ट तुमचे."

शेठने खुर्ची मागे सरकवली. "शालिग्राम, सगळ्यांना सांग, उद्या कामावर या. भगवान, तू येऊ नकोस."

भगवानचा हात आपसूक गालावर गेला.

"बाई, मशीनची चूक असेल ना?"

"बावीस वेळा?"