मागच्या रांगेतली जागा

निवृत्त झाल्यावर माणसं बागकाम करतात, नाहीतर शेजाऱ्यांच्या कामात लक्ष घालतात. कवायतमास्तरांना दोन्ही जमलं नाही. उभी हयात पलटणीत रंगरूटांचे पाय सरळ करण्यात गेलेली. आता चुकणारे पाय उरले ते त्यांचे स्वतःचेच, तेही जिन्यावर. त्यात एकुलत्या एका लेकीने सैनिकांच्या आयुष्यावर नाच बसवला. आधुनिक नाच. म्हणजे अंगावर कपडे कमी आणि चेहऱ्यावर दुःख जास्त, अशी मास्तरांची समजूत होती.

गणवेशाची थट्टा दिसली तर उठून जाईन, असं त्यांनी बजावलं होतं. तुम्ही उठलात तर प्रयोगच रद्द करेन, असं लेकीने बजावलं होतं. दोघांच्याही शब्दाला किंमत होती, हीच अडचण.

म्हणून दुपारी तालमीच्या हॉलमध्ये मास्तर खुर्चीत ताठ बसले. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसे, सगळी पोरंपोरी अनवाणी. एकजण पाय मुरगळून घरी होता, तेव्हा लेकीने मागची रांग सरकवून त्याची जागा बुजवली. मास्तरांनी तिला थांबवलं. माणूस कमी असला तरी रांग मिटवायची नसते, ते म्हणाले; जागा तशीच ठेवायची आणि तिथे माणूस आहे असं धरून शेजाऱ्याने चालायचं. लेकीला कल्पना फारच आवडली, तिने जागा पुन्हा मोकळी केली. कलावंतांना काहीतरी रिकामं दिलं की ते खूश असतात.

नाच सुरू झाला. संगीत नव्हतंच, नुसते तळवे जमिनीवर पडत होते. मास्तर सवयीने चुका शोधू लागले, आणि भरपूर सापडल्या. एकाचा हात वाकडा, एकीची मान पुढे.

मग त्यांच्या कानाला एक पाऊल लागलं. बुटाची टाच, आणि टाचेला नाल.

त्यांनी पुन्हा सगळ्यांचे पाय पाहिले. अनवाणीच.

पाऊल मागच्या रांगेतून येत होतं. जन्मभर पावलंच ऐकली होती त्यांनी, पण इतकं निर्दोष एकही नाही. हळूहळू पोरं त्या पावलाच्या तालाला लागली. वाकडे हात सरळ झाले, माना जागेवर आल्या. आरसे बारीक थरथरत होते. मास्तर उठले. लेकीचा चेहरा पडला. तिला वाटलं, निघाले.

ते सावधानमध्ये उभे होते.

शेवटी जखमी सोबत्याला खांद्यावर घेण्याचा भाग आला. जोड्या जमल्या. मोकळ्या जागेशेजारच्या पोराने हवेलाच खांदा दिला.

त्याचे गुडघे वाकले. खालची फळी करकरली.

नाच संपला. बाकीच्यांनी एकमेकांना उतरवलं, पाण्याच्या बाटल्या उघडल्या. तो पोरगा वाकलेलाच.

"झालं रे, सोड आता," लेक म्हणाली.

"मी केव्हाच सोडलंय, ताई." त्याचे हात खरंच मोकळे लोंबत होते. "तो उतरत नाहीये."



मास्तर पुढे गेले. ज्या आवाजाने मैदानं हलायची तो आता जेमतेम पुटपुटण्याएवढा निघाला.

"उतर. विसर्जन."

फळीवर दोन टाचा टेकल्या. पोरगा सरळ झाला आणि मान चोळू लागला. कोणी न सांगता सगळी मुकाट्याने पुन्हा रांगेत जाऊन उभी राहिली.

"रद्द करू, बाबा?" लेकीने विचारलं.

"वेडी आहेस? असं मी पलटणीतसुद्धा पाहिलं नाही." म्हाताऱ्याचे डोळे भरले होते, आणि पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "प्रयोग कर. पण शेवटी विसर्जनाचा हुकूम मी देणार. त्याशिवाय तो हलायचा नाही."

"आणि तुम्ही नसाल तेव्हा?"

मास्तरांनी प्रश्नाचा सरळ मनाने विचार केला. मग तिच्या कानाशी वाकून, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाले, "तोवर तू शीक. आवाज पोटातून काढायचा. आणि मागे जागा दोघांची ठेव."

लेकीने मान डोलावली आणि पोरांना सांगायला वळली.

मागच्या रांगेत मोकळ्या जागेच्या दोन्ही बाजूंची पोरं एकेक पाऊल आधीच बाहेरच्या बाजूला सरकून उभी होती.