दोघांचा टॅब

पाळी बदलायच्या वेळी नीरा स्टोअरच्या दारात पोहोचली आणि बाहेर येणाऱ्या एका चष्मेवाल्या तरुणाशी तिची टक्कर होता होता राहिली. त्याने आधी हातातला टॅब सावरला, मग स्वतःला.

“केम छो?”

“मजामां,” नीरा हसली.

मकरपुऱ्यातल्या त्या कारखान्यात मालाच्या नोंदीसाठी टॅब एकच. सकाळी तो या तरुणाकडे, म्हणजे इंद्रनीलकडे असे, दुपारनंतर नीराकडे. टॅब हातात देता-घेता दोघांचं गुजरातीत छान जमलं.

एकदा फोन बंद पडला म्हणून नीरा टॅबवरूनच आईला निरोप लिहू लागली. ‘भा’ लिहिताच टॅबने शब्द सुचवला — भाजणी. आणि पुढे लगेच... थालीपीठ! हे तिने कधी लिहिलं नव्हतं. ती धावत फाटकाशी गेली; इंद्रनील नुकताच बाहेर पडत होता.

“तुम्ही मराठी?”

“हो... म्हणजे, तुम्हीसुद्धा? मी तुम्हाला पटेल समजत होतो!”

“आणि मी तुम्हाला शाह! थालीपिठाचं कोणाला लिहिता हो?”

“आईला. दुसरं कोणी नाही... अजून.”

मग दोघं त्या टॅबला मुद्दाम शिकवू लागले. नीराने ‘चहा’ लिहिलं की पाठोपाठ ‘घेतला का’ उमटायचं. इंद्रनीलने ‘खो’ लिहिलं की ‘खोकला अंगावर काढू नका’. कारखान्याचा टॅब कधी त्यांचा झाला, कळलंच नाही.

आणि एक दिवस साहेबांनी प्रत्येकाला नवा टॅब दिला. जुना पुसून परत जाणार होता. इंद्रनीलची बदली सावली गावच्या कारखान्यात, सोमवारपासून.

“कोराच आहे हा,” शेवटच्या दिवशी नवा टॅब उलटसुलट करत तो म्हणाला. “माझ्या एकट्याचा... पण माझा वाटतच नाही.”

आज आपण गप्प राहिलो तर हा नुसतं ‘आवजो’ म्हणून निघून जाईल, हे नीराला कळत होतं.

“तुम्हाला जुना टॅब हवाय, की मी?”

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“तुम्ही. पण मी तर सावलीला—”

“जा ना! मी काही मकरपुरा सोडणार नाही. लग्नानंतर मध्ये कुठेतरी घर बघू.”

“लग्न?”

“मग काय, जन्मभर पाळीच बदलायची?”

भोंगा झाला. माणसं आत येऊ लागली, तरी तो दार अडवून उभाच.

“घर हरणीकडे बघू या?” तो हळूच म्हणाला. “तिथून सावलीला बस मिळते.”

“चालेल. पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी हवी हं!”