खरेदीदारांनी टाकलेले फोटो

सोफा घ्यायचा ठरला तेव्हा दामिनीने आधी दार मोजलं. जिन्याच्या वळणावर अडकून पडलेले सोफे आणि त्यांना वरून-खालून सूचना देणारे शेजारी तिने पुष्कळ पाहिले होते. दिघोरीतल्या त्यांच्या लहानशा फ्लॅटचं दार आधीच अरुंद, त्यात समोरच्यांनी चपलांचा स्टँड बाहेर काढलेला. मग तिने हॉलची भिंत मोजली, कूलरपुरती जागा सोडली आणि मोबाइलवर खरेदीचं ॲप उघडून आईशेजारी फरशीवर बसली. वीज कंपनीच्या ऑफिसात ती बिलांच्या तक्रारी तपासायची. मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, हे तिचं आवडतं वाक्य. चालून आलेली स्थळं त्या वाक्यानेच परत गेली, असं तिचे धोंडबाकाका म्हणत.

"रंग कोनता पाहू वं आई?"

आई, म्हणजे प्रेमिलाबाई, मान वर करून बसली होती. ती छताकडे पाहत होती. तिथे दोन लोखंडी कड्या होत्या, रिकाम्या.

फाल्गुनापर्यंत त्या कड्यांना बंगई टांगलेली होती. इकडे झोपाळ्याला बंगई म्हणतात, आणि या घरातली बंगई होती दामिनीच्या वडिलांची, रुपरावांची. एक पाय दुमडून अंगाखाली घ्यायचा, दुसऱ्याचा अंगठा फरशीला टेकवायचा आणि झोका द्यायचा. पेपर, चहा, दुपारची डुलकी, आईशी भांडण, सगळं तिथेच. तीन वर्षांपूर्वी ते उमरेडला भावाकडे जायला निघाले. दामिनीनेच त्यांना एसटीत बसवून दिलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. बस उमरेडला पोचली, रुपराव पोचले नाहीत. कंडक्टरला काही आठवेना, पोलिसांना काही सापडेना.

तेव्हापासून आई दोन ताटं वाढायची. ते येतील म्हणून थांबायची आणि शेवटी गार झालेल्या अन्नाचे चार घास गिळायची. दिवसेंदिवस ती सुकत चालली. दामिनीला वाटलं, हे दार आता लावून टाकलं पाहिजे. जो माणूस गेला पण मिळाला नाही, त्याचा पळसाच्या देठांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात.

"बारा वर्षं वाट पायतात पोरी," धोंडबाकाका म्हणाले होते. "काहून घाई करून राहिली?"

"बारा वर्षं आई नाही टिकत, काका."

पुतळा जळला, आईचं कुंकू पुसलं गेलं. तेराव्याला, गेलेल्या माणसाच्या नावाने त्याची खाट, छत्री, चपला दान देतात. रुपराव आयुष्यभर जमिनीवर गादी टाकून झोपले, त्यांना खाट कुठली? दामिनीने बंगई दिली. आईने तेव्हा तिचं मनगट धरलं होतं. "त्याईची बसाची जागा नोको देऊ वं," एवढंच ती म्हणाली. दामिनीने हळूच मनगट सोडवून घेतलं.

करायला गेली एक आणि झालं भलतंच. त्या दिवसापासून आईने चार घासही सोडले. पाण्यावर आणि चहावर जगू लागली. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट चांगले आहेत, मन लागत नाही त्यांचं, घरात काहीतरी बदल करा. दामिनीला आईवाचून दुसरं कोणी नव्हतं. आई डोळ्यांदेखत चालली होती. म्हणून हा सोफा.

सोफ्याच्या कंपनीने काढलेल्या फोटोंवर तिचा विश्वास नव्हता. त्यातल्या घरांत कधी कोणी राहत नाही. ती थेट खाली जायची, घेतलेल्या लोकांनी टाकलेल्या फोटोंकडे. कापड मळतं का, पाय डुगडुगतात का, ते तिथेच कळतं. पहिला फोटो एका करड्या सोफ्याचा होता. मागे निळी भिंत, तिच्यावर कॅलेंडर. सोफ्याचं प्लास्टिक अजून पुरतं निघालेलं नव्हतं. मधोमध एक म्हातारा बसला होता. त्याचा एक पाय दुमडलेला होता आणि दुसऱ्याचा अंगठा फरशीला टेकलेला.

खिडकीच्या उजेडाने चेहरा पांढरा पडला होता. असे बसणारे गावोगावी असतील, असं मनाशी म्हणत दामिनीने बोट सरकवलं.

"थांब," आई म्हणाली. "मांगं घे."

कित्येक दिवसांत ती स्वतःहून काही बोलली नव्हती. दोघी पाहत राहिल्या. मग आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि उभ्याउभ्याच वाटीभर वरणभात खाऊन आली.

दुसऱ्या दिवशी दामिनीने मुद्दाम वेगळ्या कंपनीचा सोफा उघडला. तपकिरी. घर वेगळं, भिंती पिवळ्या, दाराला प्लास्टिकच्या फुलांचं तोरण. सोफ्यावर तोच माणूस. फिकट निळा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात चष्म्याचं घर. यावेळी चेहरा स्पष्ट होता. रुपराव कॅमेऱ्याकडे पाहत नव्हते. परक्या घरी गेल्यावर, घरची माणसं पाणी आणायला आत गेली की माणूस जसा अवघडून बसतो, तसे ते बसले होते.

दामिनीने फोटो मोठा करून पाहिला. बाबा जिवंत असले तर आपण कोणाला जाळलं? फोटोखाली प्रश्न विचारायची सोय होती. तिने लिहिलं, फोटोत बसलेले गृहस्थ कोण? कुठे राहतात? सकाळी ऑफिसात उत्तर आलं. "कोणते गृहस्थ? सोफा आला तसा रिकामाच फोटो काढला आहे. कापड चांगलं आहे, बिनधास्त घ्या."

तिने तो फोटो धोंडबाकाकांना पाठवला. काकांचा फोन आला.

"सोफा बेस हाय पोरी. पन मले काहून पाठवला?"

"नीट पाहा ना काका. त्याच्यावर..."

"काय त्याच्यावर?"

तिने फोन ठेवला. मीटरच्या ज्या वाक्यावर तिचा सगळा संसार उभा होता, ते तिला आता आठवायलाही नको होतं. घरी येऊन तिने ॲपच काढून टाकलं. त्या रात्री आईने ताट बाजूला सरकवलं ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही. "दाखव ना वं," आई म्हणाली. तिचं मनगट ज्वारीच्या धांड्याएवढं झालं होतं. दामिनीने ॲप परत घेतलं. आई पुन्हा जेवू लागली, बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

आता रोज संध्याकाळी दोघी सोफे पाहायच्या. रुपराव सगळ्यांवर असत. पण आधी ते मधोमध बसायचे, ते आता एका कडेला सरकू लागले होते. एका लाल सोफ्यावर त्यांनी शेजारच्या गादीवर तळहात ठेवला होता. तो फोटो पाहून आई खुदकन हसली आणि तिने केस सारखे केले. दुसऱ्या दिवशी तिच्या कपाळावर कुंकू होतं. दामिनीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"हाच," एके दिवशी आई म्हणाली. मेंदीच्या रंगाचा, छोटासा. "याच्यावर बराबर पुरते."

"आई, हा दोघाईचा हाय. मोठा घेऊ ना, मी बी बसीन."

"हाच घे वं."

सोफा भर दुपारी आला. आणणाऱ्यांनी तो आडवा करून दारातून आत घेतला, कुठे घासलाही नाही. आई कपाटातली हिरवी साडी नेसून तयार होती. डाव्या कडेला बसून तिने ताट मांडीवर घेतलं आणि भाजी, पोळी, भात असं सगळं जेवली. दामिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. कित्येक महिन्यांनी तिच्या जिवात जीव आला होता. हा क्षण धरून ठेवावा म्हणून तिने मोबाइल उचलला.

"आई, इकडं पाय."

आईने पदर सारखा केला. दामिनीने फोटो काढला.

फोटोत कूलर होता. खिडकीचा पडदा होता. सोफा होता.

सोफ्यावर कोणी नव्हतं.

दामिनीने मान वर केली. आई समोरच बसली होती, ओठाला भाताचं शीत लागलेलं.

तिने पुन्हा काढला. मग जवळ जाऊन आणखी एक.

रिकामा सोफा. गादी दोन ठिकाणी दबलेली.

"आला का बराबर?" आईने विचारलं.

दामिनीने मोबाइल पालथा ठेवला. आईला घट्ट धरून बसायचं, जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिच्या मनात होतं. ती सोफ्याकडे गेली आणि आईला खेटून बसायला वाकली.

आईने तिच्या दंडाला हात लावून तिला थांबवलं. हात नेहमीसारखाच होता, खरखरीत आणि ऊन.

"तू खाली बस वं," आई मायेने म्हणाली. "इथं जागा नाही."