गोपाळराव सरांची उत्तर दिशा

“उत्तर तिकडे!” गोपाळराव सरांनी हात लांब करून आरोळी ठोकली. तिकडे बोरीचं काटेरी जाळं होतं, तरी सगळी पोरं निमूट त्यात घुसली.

“सर, बाजूनं जाऊ ना!” लहानूची चड्डी काट्यात अडकली होती.

“होकायंत्राला बाजू माहीत नसते, लहानू! त्याला फक्त दिशा माहीत असते!”

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या अरुणोदय साहस मंडळाचं नाताळच्या सुट्टीतलं शिबिर उमरेडकडच्या रानात भरलं होतं. आज शेवटचा दिवस. होकायंत्र धरून सरळ उत्तरेला चालायचं, की दुपारच्या आत डांबरी रस्ता लागणार, तिथून यष्टीनं नागपूर, असा बेत होता. आता दुपार झाली होती आणि डांबराचा वाससुद्धा कुठे नव्हता.

सगळ्यांत पुढे सर. डोक्यावर हॅट, गळ्यात चामडी पट्ट्याचा ट्रान्झिस्टर, त्यावर क्रिकेटच्या कसोटीची कॉमेंट्री. ट्रान्झिस्टर पोटावर टेकलेला आणि त्याच्या अगदी पुढ्यात होकायंत्र धरलेलं. एक डोळा काट्यावर, दोन्ही कान सामन्यावर! मुलींवर लक्ष ठेवायला कुसुमताई आल्या होत्या. त्यांचं लक्ष स्वेटरच्या टाक्यांवर होतं. चालता चालता विणायच्या. ठेच लागली तरी टाका सुटत नसे.

मधे पोरं, आणि पोरांत कौशल्या. ती बाकीच्यांसारखी मजा करायला आली नव्हती. तिला एकच गोष्ट हवी होती: मागच्या वर्षी नेमकं काय झालं, ते शोधायचं.

मागच्या वर्षी होकायंत्र तिच्या भावाच्या, चंद्रभानच्या हातात होतं. मंडळातला सगळ्यांत हुशार पोरगा! मनालीच्या गिर्यारोहण शिबिराला मंडळ एका पोराला पाठवणार होतं, तो चंद्रभानच, हे सगळे धरून चालले होते. पण त्या दिवशी त्यानं सगळ्यांना नेऊन घातलं ते थेट खाणीजवळच्या कोळशाच्या ढिगाऱ्यावर! तो घरी आला तेव्हा तोंड काळं, आणि सरांचा ट्रान्झिस्टर दिवसभर वागवून मान सोललेली. मंडळाच्या फळ्यावर सरांनी खडूनं लिहिलं, ‘ज्याला उत्तर कळत नाही, तो पुढारी नाही.’ मनालीला सरांचा भाचा गेला. चंद्रभाननं मंडळ सोडलं आणि जरीपटक्याच्या बाजारात कापडाचे गठ्ठे उचलायला लागला. गल्लीतली पोरं त्याला ‘कोळसा एक्सप्रेस’ म्हणत. तो हसायचा. ते हसणं कौशल्याला बघवत नसे.

यंदाचं मनालीचं नाव उद्याच्या समारंभात ठरणार होतं. पुढच्या वर्षी चंद्रभानचं वय निघून जाणार. म्हणजे काय ते आत्ताच!

“अगे कौशे, हे पाहय!” लहानूची बहीण वच्छला खाली वाकली. वयानं सगळ्यांत लहान, जिभेनं सगळ्यांत मोठी. “संत्र्याची सालं!”

“मंग?” लहानू म्हणाला. “नागपूरकडं संत्र्याची सालं नाही तर काय फणसाची राहीन?”

“अबे, हे तुह्यी सालं आहेत! तूच तं अशी लांबच लांब सोलते, सापासारखी. सकाळपासून बोकडासारखा चरून राहिला तू!”

लहानूनं साल उचललं, हुंगलं आणि मान डोलावली. “माह्यंच आहे. आंबट होतं.”

तिघांच्या एकदमच लक्षात आलं. म्हणजे आपण इथूनच गेलो होतो! गोल फिरून राहिलो आपण!

“सर!” कौशल्या धावत पुढे गेली. “आपण परत तिथंच आलो.”

“अशक्य! दुसरी कोणती तरी सहल इथून गेली असेल. लोकांना शिस्त नाही, कुठेही सालं टाकतात.”

“पण सर, थंडीत दुपारचा सूर्य दक्षिणेला राहते ना? उत्तरेला चालून राहिलो तर तो पाठीवर पाहिजे. हा तर डोळ्यांत येऊन राहिला!”

सर थांबले. त्यांनी सूर्याकडे असं पाहिलं, जणू तो न विचारता वर्गात शिरला होता.

“कौशल्या, सूर्य फिरतो. होकायंत्र फिरत नाही. तेव्हा विश्वास कोणावर ठेवायचा?” आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, “घरातच वळण आहे यांच्या! भाऊ तसा, बहीण तशी!”

पोरं फिदीफिदी हसली. कौशल्याचे कान तापले. पण त्याच वेळी तिला एक गोष्ट दिसली आणि हसण्याचा आवाज तिच्या कानांत शिरलाच नाही.

सर बोलायला मागे वळले होते, होकायंत्र हातात तसंच होतं. आणि काटा? काटाही त्यांच्याबरोबर वळला होता! आत्तापर्यंत उत्तर समोरच्या पळसाकडे होती, आता ती कुसुमताईंकडे होती. सर पुन्हा पुढे वळले. उत्तर पुन्हा पळसाकडे!

“वच्छले,” ती हळूच म्हणाली, “सर जिकडे तोंड करते, तिकडे उत्तर जाऊन राहिली!”

“उत्तरही त्यांले भेत असंन,” वच्छला म्हणाली.

जेवणाची सुट्टी झाली. सरांनी डबा संपवला, हॅट तोंडावर घेतली आणि ट्रान्झिस्टर पोटावर ठेवून घोरायला लागले. पोट वरखाली, कॉमेंट्री वरखाली. होकायंत्र बाजूच्या रुमालावर होतं. कौशल्यानं ते अलगद उचललं.

“पहिले ताईच्या सुया पाहा,” लहानू कुजबुजला. “लोखंडानं काटा हालते.”

तिघं साळसूदपणे कुसुमताईंजवळ जाऊन बसली. होकायंत्र सुयांच्या अगदी शेजारी. काटा ढिम्म!

“काय पाहता वं? अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत, हलक्या,” ताई मान वर न करता म्हणाल्या. “शिकवू का उलटा टाका?”

“मंग कधी तरी शिकवा, ताई!” म्हणत तिघं सटकली. कौशल्या मोकळ्या जागी गेली. तिथे काटा थरथरला, सावकाश फिरला आणि त्यानं सरळ मागची वाट दाखवली, जिकडून ते आले होते! त्या दिशेला तोंड केलं तर सूर्य बरोबर पाठीवर येत होता. ती सरांजवळ आली. काटा गर्रकन फिरून सरांच्या पोटाच्या रेषेत थांबला!

“सरांच्या पोटात लोखंड आहे!” वच्छलानं डोळे मोठे केले.

“पोटात नाही बे, पोटावर!” लहानूनं कपाळावर हात मारला. “रेडिओ! भोंग्याच्या मांगं लोहचुंबक राहते. मी आमचा रेडिओ खोलला होता ना, माहे सगळे खिळे त्याले चिकटले. मंग बाबांचा हात मले चिकटला.”

कौशल्याला एकदम काय आठवलं असेल? सोललेली मान! मागच्या वर्षी हा ट्रान्झिस्टर दिवसभर चंद्रभानच्या गळ्यात होता. सरांना जड होत होता म्हणून! आणि चंद्रभानही होकायंत्र असंच छातीशी धरायचा. सरांनीच तसं शिकवलं होतं.

तिनं सरांना उठवलं. एका दमात सगळं सांगितलं. सरांनी जांभई दिली, ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवला आणि कट्कन बंद केला.

“घे. रेडिओ बंद! आता बघ काटा. हालला? नाही! म्हणजे दोष रेडिओचा नाही, हे सिद्ध झालं.”

“सर, बंद केल्यानं चुंबक कसं जाईल? ते तर आतच—”

“मला शिकवून राहिलीस?” रागात सरांची शुद्ध भाषा घसरली. “मी काटोलच्या शिबिरात होकायंत्र शिकवलं आहे! चला, उत्तर तिकडे!”

कौशल्या पुन्हा बोलायला गेली. लहानूनं तिला कोपरानं ढोसलं आणि तोंड अगदी गरीब करून सरांपुढे गेला.

“सर, झाडाखाली कॉमेंट्री लय खरखर करून राहिली. मांगं मोकळ्यात साफ येते. मी घेऊन चालू का मांगून? विकेट पडली की ओरडतो!”

सर विचारात पडले. होकायंत्र त्यांनी कोणाच्या हाती दिलं नसतं. पण विकेट म्हणजे विकेट! पट्टा त्यांच्या मानेवरून उतरला आणि लहानूच्या मानेत पडला.

लहानू मागे गेला. अजून मागे गेला. सरांच्या हातातला काटा डगमगला आणि निवांत फिरून दुसरीकडेच थांबला. सर थबकले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग पोरांकडे पाहिलं. चेहऱ्यावरची माशीही हलू न देता म्हणाले, “हं! आता उत्तर इकडे आली आहे. चला!”

“बरं झालं आली,” वच्छला पुटपुटली. “वाट पाहून राहिलो होतो.”

मागून लहानू ओरडायचा, “आऊट!” थोड्या वेळानं पुन्हा, “आऊट!” खरं तर त्याच्या रेडिओवर तेव्हा शेतीच्या खतांची माहिती चालू होती. पण सर स्कोअर विचारायला जवळ येऊ नयेत म्हणून त्यानं आपला सगळा संघ गारद करून टाकला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दुःखात ते इतके सरळ चालले, की ऊन कलायच्या आत समोर डांबरी रस्ता आला आणि लांबून धूळ उडवत नागपूरची यष्टी!

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये समारंभ होता. आईबाप, सतरंज्या, हारांची परडी. मंडळाचे अध्यक्ष दादाजी मधल्या खुर्चीवर. फक्त चंद्रभान आला नव्हता. कौशल्यानं हात वर केला आणि परवानगीची वाट न बघता टेबलाजवळ गेली. होकायंत्र ठेवलं. सरांचा ट्रान्झिस्टर उचलून जवळ आणला. काटा फिरला. लांब नेला. काटा परतला. पुन्हा जवळ, पुन्हा फिरला. सगळा हॉल माना लांब करून बघत होता.

“अरे वा!” दादाजी उभेच राहिले. “गोपाळराव, हे काय आहे?”

सर घाम पुसत उठले. क्षणभर वाटलं, आता काय बोलतील? पण सर होते ते!

“दादाजी, हीच तर माझी परीक्षा होती! ट्रान्झिस्टर मी मुद्दाम गळ्यात घातला होता. पोरं चूक ओळखतात का, हे बघायला. आनंद आहे, की ओळखली!”

कडाड् टाळ्या! कुसुमताईंनी तर स्वेटर बाजूला ठेवून वाजवल्या. एक हार कौशल्याच्या गळ्यात पडला, मोठा हार सरांच्या.

“मंग मागच्या वर्षी?” कौशल्या टाळ्यांवरून ओरडली. “मागच्या वर्षी हाच रेडिओ चंद्रभानभाऊच्या गळ्यात होता! तेव्हाही परीक्षाच होती? मंग त्याले नापास काहून केलं?”

टाळ्या थांबल्या. कोणी तरी खोकलं. दादाजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात मऊ होता, प्रेमळ होता.

“बेटा, आनंदाच्या दिवशी जुनं काहून उकरते? तू हुशार आहेस. हे होकायंत्र तुलाच बक्षीस!” मग ते सभेकडे वळले. “आणि अशी कल्पक शिकवण पाहून मी ठरवलं आहे. यंदा मनालीला पोरगा नको. यंदा गोपाळराव सरांनाच पाठवू!”

पुन्हा टाळ्या. पहिल्यापेक्षा मोठ्या.

संध्याकाळी चंद्रभान जरीपटक्याहून आला, तेव्हा अंगणात तिघं बसली होती. लहानूनं घरचा, तो खोलून पुन्हा जोडलेला रेडिओ आणला होता. कौशल्यानं तो भावाच्या गळ्यात अडकवला आणि होकायंत्र हातात दिलं.

“फीर,” ती म्हणाली.

चंद्रभान अंगणात गोल फिरला. तुळशीकडे, विहिरीकडे, संडासाकडे. जिकडे तो, तिकडे उत्तर. त्यानं रेडिओ उतरवून लहानूजवळ दिला आणि पुन्हा फिरला. आता तो फिरला, पण काटा जागचा हलला नाही.

“म्हणजे मी बरोबर चाललो होतो.”

“काट्याच्या मांगं अगदी बरोबर चालला होता गा, भाऊ.”

“हे तू समद्यांसमोर सांगितलं?”

“सांगितलं.”

“मंग काय केलं त्यांनी?”

कौशल्यानं गळ्यातल्या हाराची एक पाकळी तोडली.

“टाळ्या वाजवल्या,” कौशल्या म्हणाली.

चंद्रभान हसला. तेच, कोळसा एक्सप्रेसवालं हसणं. मग त्यानं होकायंत्राची डबी मिटली आणि बहिणीच्या हातात परत दिली.

“जपून ठेव,” तो म्हणाला. “आणि कोणाचा रेडिओ गळ्यात घेऊ नको.”